दोन एकर दहा गुंठे म्हणजे २.१० एकर नव्हे : टिंबाचा हिशोब

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. वडिलोपार्जित दोन एकर दहा गुंठे जमीन विकायची ठरलीय, भाव ठरलाय एकरी २४ लाख. एजंटने विसार पावतीच्या कच्च्या कागदावर क्षेत्र लिहिलं २.१० एकर, मोबाईलवर गुणलं आणि रक्कम काढली ५० लाख ४० हजार. ७/१२ वर आकडा आहे ०.९१.०५, आणि तो बघून, जमीन विकत घेणाऱ्याचा मुलगा म्हणतोय हे तर ९१ गुंठे झाले. आणि तुम्हाला स्वतःला वाटतंय की दहा गुंठे म्हणजे पाव एकर, मग रक्कम जास्त यायला पाहिजे. आता यातलं बरोबर कोण.

तुम्ही बरोबर आहात. सही अजून व्हायचीय म्हणून आधी उत्तर सांगून टाकतो. एकराचे ४० गुंठे, म्हणजे दहा गुंठे हा पाव एकर, क्षेत्र झालं २.२५ एकर आणि रक्कम झाली ५४ लाख. एजंटच्या कागदात ३ लाख ६० हजार कमी आहेत. मुलाचे ९१ गुंठे पण चुकीचे आहेत, ते ९० च आहेत, ते कसं ते खाली सांगतो. एजंटने मुद्दाम केलं असेल असं लगेच धरून चालू नका, कारण हीच चूक मी विकणाऱ्याच्या बाजूने, घेणाऱ्याच्या बाजूने, शिकलेल्या माणसांकडून, अगदी बँकेत कर्जाची फाईल करणाऱ्या माणसाकडूनही झालेली पाहिलीय. मोजणीची आणि बांधकामाच्या एस्टिमेटची कामं करत आलोय इतकी वर्षं, आणि माझं ठाम मत आहे की लोकांचं गणित कच्चं नसतं, घोळ होतो तो टिंबामुळे. तो टिंब आपल्याकडे दोन वेगवेगळी कामं करतो आणि कुठलं काम चाललंय ते कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

पहिलं काम म्हणजे दशांश, शाळेत शिकलो ते, टिंबानंतरचा पहिला आकडा दहावा भाग आणि दुसरा शंभरावा. दुसरं काम म्हणजे नुसतं वेगळं करणं, इकडे मोठं माप, तिकडे छोटं माप, मधे एक टिंब. तुमच्या एजंटने लिहिलेला २.१० हा दुसऱ्या प्रकारचा, दोन एकर आणि दहा गुंठे, आणि लिहिताना त्याच्या डोक्यात तेच होतं, त्यात चूक काही नाही. चूक झाली पुढच्या पायरीला. कॅल्क्युलेटरला पहिला प्रकारच कळतो, तो २.१० म्हणजे दोन एकर आणि एकराचा दहावा भाग असं धरतो, आणि एकराचा दहावा भाग म्हणजे ४ गुंठे. तुमचे सहा गुंठे तिथे गायब झाले.

क्रिकेट बघताना हे कुणाला शिकवावं लागत नाही बघा. १४.५ ओव्हर झाल्यावर पुढचा बॉल टाकला की १५ होतात, १४.६ नाही, आणि १४.३ म्हणजे साडेचौदा ओव्हर हे लहान पोरगं पण सांगतं. तिथे टिंबाच्या उजवीकडे सहाचा हिशोब आहे हे सगळ्यांना माहीत आहे. जमिनीत तिथे ४० चा असतो, फूट-इंचात १२ चा, एवढंच.

आता गंमत अशी की ही चूक नेहमी एकाच बाजूला जात नाही, म्हणून ती पकडायला अवघड. दहा गुंठ्यांचे झाले .१० आणि क्षेत्र कमी भरलं. पण समजा दोन एकर पाच गुंठे असते आणि कुणी २.५ लिहिलं असतं तर? कॅल्क्युलेटरने ते अडीच एकर धरलं असतं, म्हणजे दोन एकर वीस गुंठे, पंधरा गुंठे जास्त, तुमच्या भावाने गुंठा ६० हजारांना पडतो म्हणजे ९ लाखांचा फरक. त्यातच बोलताना आपण 'दोन पॉइंट दहा' आणि 'दोन पॉइंट पाच' म्हणतो, तेव्हा कानाला दहा मोठे वाटतात, कारण गुंठ्यात ते खरंच मोठे आहेत, पण दशांशात .५ हा .१० च्या पाचपट आहे. म्हणून मी माझ्या माणसांना सांगून ठेवलंय की क्षेत्र बोलताना पॉइंट हा शब्दच काढायचा नाही, दोन एकर दहा गुंठे असं पूर्ण म्हणायचं, दोन सेकंद जास्त जातात तर जाऊ देत.

जुन्या लोकांना हा त्रास कमी होता. जुन्या उताऱ्यांत एकर, गुंठे, आणे असे वेगळे रकाने असायचे (गुंठ्याचे १६ आणे), हाताने लिहिताना मधे आडवी रेघ द्यायचे, २-१०, आणि आडव्या रेघेला कुणी दशांश समजत नाही. पैशाचंही तसंच होतं, रुपये-आणे-पै, रेघ देऊन. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले, १९५८ च्या ऑक्टोबरपासून वजनं किलो-ग्रॅममध्ये यायला लागली, आणि ते फार चांगलं झालं, कारण शंभराच्या हिशोबात टिंब दोन्ही कामं एकदमच करतो. ५ रुपये २५ पैसे वेगळे करून लिहा नाहीतर दशांशात लिहा, ५.२५ च येतं. पण आपला डोळा लहानपणापासून त्या पैशावर तयार झालाय, टिंबानंतर दोन आकडे दिसले की आपण न विचारता शंभराचा भाग धरतो, आणि एकर-गुंठा, फूट-इंच तर अजून जुन्याच हिशोबात राहिलेत. त्यात मोबाईलवर टाईप करताना रेघेऐवजी टिंब सोपा पडतो. गोंधळाचं मूळ हे आहे असं मला वाटतं.

आता ७/१२. तिथला ०.९१.०५ हा हेक्टर, आर, चौरस मीटर असा वाचायचा, ० हेक्टर ९१ आर ५ चौरस मीटर. हेक्टरचे १०० आर, आरचे १०० चौरस मीटर, म्हणजे इथे सरळ शंभराचा हिशोब आहे, म्हणून दुसरा टिंब काढून टाकला तरी चालतं, ०.९१०५ हेक्टर. फक्त एक अट आहे, प्रत्येक घरात दोन आकडे पाहिजेतच. १ हेक्टर ५ आर म्हणजे १.०५, आणि कुणी घाईत त्यातला शून्य खाऊन १.५ लिहिलं की ते दीड हेक्टर झालं, ४५ आर जास्त, म्हणजे एकराहून जास्त जमीन कागदावर नुसती शून्य न लिहिल्यामुळे तयार झाली. भावा-भावांच्या वाटणीच्या कच्च्या कागदात मी हे बघितलंय, आणि तो कागद दहा वर्षांनी बाहेर निघतो तेव्हा लिहिणारा हयात नसतो, मग नुसती भांडणं.

आणखी एक, बिनशेती जमिनीच्या उताऱ्यावर क्षेत्र आर आणि चौरस मीटरमध्ये असतं. तिथे १२.५० दिसलं तर ते १२ आर ५० चौरस मीटर, म्हणजे १२५० चौरस मीटर. शेतीच्या सवयीने वाचलं तर साडेबारा हेक्टर! नव्या नमुन्याच्या ७/१२ वर क्षेत्राचं एकक छापलेलं असतं, हे.आर.चौ.मी. की आर.चौ.मी., ते आधी वाचा आणि मग आकड्याकडे बघा. आणि हो, लागवडीयोग्य आणि पोटखराब (लागवडीला न येणारं) क्षेत्र वेगळं दाखवलेलं असतं, सौदा एकूण क्षेत्रावर आहे की फक्त लागवडीच्या, तेही आताच बोलून घ्या.

मग ९१ गुंठे का नाहीत? आर आणि गुंठा जवळपास सारखे आहेत म्हणून लोक दोन्ही एकच धरतात. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. तुमचे ९० गुंठे गुणिले १०१.१७ केले की ९१०५ चौरस मीटर येतात, म्हणजेच ०.९१.०५. तुमचा दोन एकर दहा गुंठ्यांचा आकडा आणि ७/१२ चा आकडा एकमेकांना अगदी तंतोतंत जुळतात, वाद घालण्यासारखं काहीच नाहीये. घेणाऱ्याच्या मुलाने ९१.०५ ला ४० ने भागलं तर २.२७६ एकर येतील आणि रक्कम ५४ लाख ६३ हजार, म्हणजे त्याच्या बापाचे ६३ हजार जास्त जातील. तेही बरोबर नाही, तुमच्या फायद्याचं असलं तरी त्याला सांगा. 'हेक्टरला अडीचने गुणायचं' हा जो फॉर्म्युला सगळीकडे चालतो तो पण हीच चूक आहे, खरा आकडा २.४७१. पारावर बसून अंदाज घ्यायला अडीच चालतो, पैसे मोजताना चालत नाही. सरकारी मूल्यांकनाच्या तक्त्यात शेतजमिनीचा दर हेक्टरवर असतो आणि सौदा एकरावर होतो, त्यामुळे हा आकडा लागतोच.

गुंठ्यावरून प्लॉटिंगचं सांगतो. काही ठिकाणी 'एक गुंठ्याचा प्लॉट' म्हणून हजार चौरस फूट देतात आणि भाव मात्र गुंठ्याचा घेतात. ८९ फूट गेले. तिथे चौरस फुटाचा भाव लिहून घ्या, गुंठा शब्द नको.

बांधकामात याहून जास्त घोळ आहे आणि तिथे रोज पैसे जातात, फक्त एका वेळी थोडे थोडे जातात म्हणून कुणी बोलत नाही. खोली १२ फूट ६ इंच बाय १० फूट ९ इंच. टाईल्सवाला वहीत लिहितो १२.६ बाय १०.९ आणि गुणतो, १३७.३४ चौरस फूट. खरं आहे १२.५ गुणिले १०.७५, म्हणजे १३४.३८. तीन फूट जास्त. एवढं वेस्टेजमध्ये जातं म्हणून कुणी बघत नाही. पण दुसरी खोली घ्या, ११ फूट १० इंच बाय १० फूट ११ इंच, ती त्याने लिहिली ११.१० बाय १०.११, कॅल्क्युलेटर सांगतो ११२.२२, आणि खरी खोली आहे १२९.१८ चौरस फुटाची. सतरा फूट माल कमी आला, मिस्त्री अर्ध्यात थांबला, परत दुकानात गेलं तर त्या बॅचची टाईल संपलेली आणि नव्या बॅचचा शेड वेगळा. हे असं का होतं तर १ ते ९ इंच टिंबानंतर लिहिले की आकडा फुगतो, आणि १० आणि ११ इंच लिहिले की एकदम पडतो. इंच असतील तर आधी १२ ने भागा, ६ इंच ०.५, ९ इंच ०.७५, १० इंच ०.८३, आणि मगच गुणाकार. नाहीतर सगळंच इंचात घेऊन गुणा आणि शेवटी १४४ ने भागा, हे सगळ्यात बिनचूक.

स्लॅबमध्ये हेच फार महाग पडतं. ५ इंची स्लॅब, १००० चौरस फूट. बरेच जण ५ इंच म्हणजे ०.५ फूट धरतात, ५०० घनफूट, १४.१६ घनमीटर. खरं तर ५ भागिले १२ म्हणजे ०.४१७ फूट, ४१७ घनफूट, ११.८ घनमीटर. जवळजवळ अडीच घनमीटर काँक्रीट जास्त मागवलं, आणि रेडिमिक्सची गाडी आली की ते परत घेत नाहीत, रस्त्याच्या कडेला ओतावं लागतं. वाळू-खडी ब्रासने येते, ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. काँक्रीट घनमीटरने आणि वाळू ब्रासने, एकाच साइटवर, एकाच दिवशी. त्यात प्लास्टरवाला आणि फरशीवाला पण ब्रास म्हणतो पण त्याचा ब्रास १०० चौरस फुटाचा. म्हणून लेबर कॉन्ट्रॅक्टरशी बोलताना ब्रासचा दर ठरवला की लगेच पुढे विचारा, घनफूट की चौरस फूट, आणि कागदावर लिहा.

सुताराचं माप आणखी वेगळं, इंचाचे ८ सूत. त्याने पट्टीवर २२.४ लिहिलं तर ते २२ इंच ४ सूत, म्हणजे साडेबावीस इंच. ते काचवाल्याने बघितलं आणि २५.४ ने गुणून ५६९ मिलिमीटर कापली, पाहिजे होती ५७१.५. अडीच मिलिमीटरची फट. काच मोठी करता येत नाही, दुसरीच घ्यावी लागते. काम दोन वेगळ्या माणसांच्या हातात जाणार असेल तर मी तरी सगळी मापं मिलिमीटरमध्येच लिहून देतो, त्यात टिंबच येत नाही.

सोन्याचं थोडक्यात. सोनाराचा काटा ग्रॅममध्ये टिंबानंतर तीन आकडे दाखवतो. ४.०५० ला दुकानात 'चार ग्रॅम पन्नास' म्हणतात, पन्नास मिलिग्रॅम, आणि गिऱ्हाईक घरी जाऊन साडेचार ग्रॅम सांगतं. फरक ४५० मिलिग्रॅमचा, ग्रॅमला दहा हजार धरले तर साडेचार हजारांचा. तोंडी ऐकू नका, काट्यावर डोळ्याने बघा. आणि आजीच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या म्हणजे जुन्या तोळ्याने ५८.३२ ग्रॅम, कारण जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा आणि आताचा दहाचा. घरात वाटणी करताना तोळे मोजू नका, ग्रॅम मोजा.

दुधाचं विचारलं नाहीये तुम्ही, पण घरी गाई आहेत म्हणालात म्हणून सांगतो. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) जो दर असतो त्यात 'पॉइंटमागे इतके पैसे कपात' असं लिहितात, तिथला पॉइंट म्हणजे ०.१. फॅट ३.५ वरून ३.२ ला आली तर तीन पॉइंट कमी, पॉइंटमागे ३० पैसे असतील तर लिटरला ९० पैसे गेले. अनेक जण तो एक टक्क्याचा पॉइंट समजतात आणि म्हणतात एवढ्याशा फरकाने काय होतंय. वजनाने दूध घेत असतील तर लक्षात ठेवा, एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं, किलो आणि लिटर एक नाहीत.

रुपये-पैशात पण टिंबाचा एक घोळ फार पसरलाय. झेरॉक्सच्या दुकानावर 'फक्त ०.७५ पैसे' लिहिलेलं असतं, सगळ्यांना कळतं पाऊण रुपया. पण जे लिहिलंय ते पाऊण पैसा आहे. दुकानाच्या पाटीवर चालून जातं, पण मालवाहतुकीच्या करारात '०.८० पैसे प्रति किलो' असं टाईप झालेलं मी वाचलंय. दहा टन मालाला ८० पैशांनी ८ हजार रुपये होतात आणि ०.८० पैशांनी ८० रुपये. व्यवहार गोडीत चाललाय तोवर ठीक, बिघडला की समोरचा वकील तोच शब्द दाखवणार. टिंब ठेवायचा तर रुपये लिहा, पैसे लिहायचे तर टिंब काढा. व्याजाचंही असंच, खाजगीत 'दोन टक्के' म्हणजे शेकडा दोन रुपये महिना, वर्षाला २४ टक्के, आणि बँकेत टक्के म्हणजे वर्षाचे. लाखाला वर्षाचे दोन हजार समजून घेतलेले पैसे २४ हजारांचं ओझं होतात. महिन्याचे की वर्षाचे हे विचारायला लाजू नका.

आता तुमच्या पावतीवर काय लिहायचं ते सांगतो. २.१० एकर हा आकडा पूर्ण खोडून नवीन कागद करा, दुरुस्ती नको. क्षेत्र ७/१२ प्रमाणेच लिहा, गट नंबरसह, '० हेक्टर ९१ आर ०५ चौरस मीटर' असं, अंकात आणि पुढे अक्षरात. त्याच्यापुढे 'म्हणजेच ९० गुंठे'. भाव गुंठ्यावर आणा, ६० हजार रुपये प्रति गुंठा, म्हणजे ९० गुणिले ६० हजार, ५४ लाख, एवढा सरळ गुणाकार की टिंबाला जागाच उरत नाही. खरेदीखतात पण हाच मजकूर जाऊ दे. मोजणी झालेली नसेल तर करून घ्या, आणि मोजणीत क्षेत्र कमी-जास्त निघालं तर रक्कम ह्याच गुंठ्याच्या दराने कमी-जास्त होईल हे एक वाक्य पावतीत टाका, नाहीतर तेव्हा परत हाच वाद होईल.

एजंटशी भांडू नका. त्याच्यासमोर मोबाईल ठेवा आणि दहा भागिले चाळीस करायला सांगा, ०.२५ येईल, बाकी काही बोलावं लागणार नाही.

शेवटचं, तुम्ही म्हणालात की भावकीतल्या सगळ्या गटांचं क्षेत्र एक्सेलमध्ये घातलंय आणि बेरीज जुळत नाही. तिथे पण हेच झालं असणार, वर आणखी एक भर. एक्सेलमध्ये तुम्ही २.१० टाईप केलं की तो शेवटचा शून्य काढून २.१ दाखवतो, म्हणजे दहा गुंठ्यांचा एक गुंठा झाल्यासारखा दिसतो, आणि मग २ एकर १ गुंठा खरोखर कुठल्या गटाचं होतं आणि २ एकर १० गुंठे कुठल्या, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. बेरजेतही ३० आणि १५ गुंठे मिळून ४५ होतात, एक एकर ५ गुंठे व्हायला पाहिजे ते होत नाही. एकराचा कॉलम वेगळा, गुंठ्याचा वेगळा करा, तिसऱ्या कॉलममध्ये एकर गुणिले ४० अधिक गुंठे असं सूत्र घाला, म्हणजे सगळं गुंठ्यात येईल, आणि बेरीज फक्त त्या तिसऱ्या कॉलमची घ्या. जे गट आधीच २.१ सारखे पडलेत ते अंदाजाने दुरुस्त करू नका, प्रत्येकाचा ७/१२ काढून आरच्या आकड्यावरून परत भरा. आर भागिले १.०११७ केलं की गुंठे येतात.